‘शिवण’: एका ब्रॉन्झ शिल्पाचा फलक दोनदा का लिहावा लागला

नाशिकमध्ये गंगापूर रस्त्यावरच्या एका घरात असलेलं ब्रॉन्झ शिल्प छोट्या प्रदर्शनात मांडायचं ठरलं. त्याच्याशेजारी लावायला शंभर शब्दांच्या आतला मराठी फलक हवा होता. तिघांच्या गटाने तो लिहायला घेतला: शिल्पकला शिकवणारे एक शिक्षक, मराठीच्या एक प्राध्यापिका आणि धातूच्या वस्तूंचं जतन करणारे एक जाणकार. पहिला फलक समोरून काढलेल्या तीन फोटोंवरून लिहिला गेला आणि तो चुकला. कुठे चुकला आणि दुसरा कसा लिहिला, याची ही नोंद. प्रतीकांचा अर्थ लावताना होणाऱ्या बहुतेक चुका या एकाच प्रकरणात सापडतात.

शिल्प असं आहे. पाटावर मांडी घालून बसलेली बाई. कमरेपासून गळ्यापर्यंतचं धड म्हणजे पाणी तापवायचा बंब. ओटीपोटाच्या जागी राखेचं दार, अर्धवट उघडं. बेंबीच्या जागी तोटी. गळ्यातून डोकं वर यायचं तिथे बंबाचं धुराडं वर आलंय आणि धुराड्याच्या काठावर कावळा. डावा हात तोटीवर, उजव्या हाताचा तळवा गुडघ्यावर उताणा आणि रिकामा. पाटापासून कावळ्यापर्यंत उंची ५८ सेंमी, वजन १८.४ किलो. पाटाच्या मागच्या कडेवर दोन गोष्टी कोरल्या आहेत: ‘शिवण’ हे नाव आणि ३/६ हा आकडा, म्हणजे सहा प्रतींपैकी तिसरी.

ज्यांनी बंब पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं थांबायला हवं, कारण पुढचा सगळा अर्थ त्याच्या रचनेवर उभा आहे. बंब म्हणजे तांब्याचं किंवा पितळेचं उभं पिंप. मधोमध आरपार नळी, नळीच्या तळाशी जाळी. जाळीवर लाकडं, कोळसे, गोवऱ्या. राख खालच्या दारातून काढायची, धूर वरून जाणार. पाणी या नळीभोवती. म्हणजे आग आत आणि पाणी तिला वेढून. दोघांमध्ये फक्त एक पत्रा. तोटी पाण्याची, दार आगीचं.

पहिल्या फलकाचा मजकूर असा होता: “या अतिवास्तववादी शिल्पात स्त्रीचं उघडं दार हे अबोध मनाचं प्रतीक आहे. झळाळणारं पोट म्हणजे गर्भ, हिरवट छटा म्हणजे जीवन. कावळा हा पितरांचा दूत. कुटुंबाला एकत्र शिवून ठेवणाऱ्या स्त्रीचा हा गौरव आहे.”

मजकूर वाचायला बरा आहे. शिल्पासमोर उभं राहून वाचला की एकेक वाक्य गळून पडतं.

पहिलं वाक्य उसनं आहे. स्पॅनिश अतिवास्तववादी चित्रकार साल्वादोर दालीने १९३६ मध्ये मिलोची व्हीनस या प्राचीन ग्रीक पुतळ्याची प्लास्टरची प्रतिकृती घेऊन तिच्या कपाळाला, स्तनांना, पोटाला, गुडघ्याला खण बसवले. ते खण आणि अबोध मनाचा सिद्धांत मांडणाऱ्या फ्रॉइडचं मानसशास्त्र यांचा संबंध दालीने स्वतः सांगितला होता, त्यामुळे तिथे खणाला मनाचे कप्पे म्हणणं रास्त आहे. पण त्यावरून ‘शरीरात उघडणारी कुठलीही वस्तू म्हणजे अबोध मन’ असा कोश तयार करता येत नाही. राखेचं दार हा खण नव्हे. खणात वस्तू जपून ठेवतात. राखेच्या दारातून जळून उरलेलं बाहेर काढतात. दोन्ही क्रिया एकमेकींच्या अगदी उलट आहेत.

कोशाची ही सवय आपल्याकडे का पक्की आहे, तेही समजून घ्यायला हवं. नाशिकच्या माणसाला मूर्ती वाचता येते. सप्तशृंगीचे अठरा हात आणि त्यातली आयुधं, कोणतं कोणत्या देवाने दिलं, हे वणीला जाणाऱ्या कितीतरी घरांत तोंडपाठ असतं. धनुष्य दिसलं की राम, डमरू दिसला की शंकर. मूर्तिशास्त्रात खूण आणि अर्थ यांची गाठ आधीच मारलेली असते आणि मूर्तिकाराने ती पाळायची असते. १९२४ मध्ये फ्रेंच लेखक आंद्रे ब्रेताँने पॅरिसमध्ये अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला, तो नेमकी ही गाठ सोडवण्यासाठी. दोन परक्या वस्तू एकमेकींना भिडवायच्या आणि त्या भिडण्यातून, कोणी आधी ठरवून न दिलेलं काहीतरी उजेडात येऊ द्यायचं. म्हणून इथे ‘कावळा म्हणजे काय?’ हा प्रश्न आधी विचारायचाच नाही. आधी विचारायचं: कावळा धुराड्याला कुठे भिडतो? बंब मांडीला कुठे मिळतो? अर्थ वस्तूंमध्ये कमी असतो, सांध्यात जास्त.

झळाळत्या पोटाकडे वळू. जतनकारांनी शिल्प खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात पाहिलं. पोटाची झळाळी जिथपर्यंत फडकं पोहोचतं तिथपर्यंतच होती आणि तिच्यात गोल गोल ओरखडे होते. काखेत, तोटीच्या मागे, पदराच्या घडीत मूळचा गडद तपकिरी रंग शाबूत होता. घरच्यांना विचारल्यावर उलगडा झाला: दरवर्षी दिवाळीला देवघरातल्या भांड्यांबरोबर हे शिल्पही चिंच आणि मीठ लावून घासलं जात होतं. घासणाऱ्यांचा यात काही दोष नाही. तांब्या-पितळेशी प्रेमाने वागायची आपल्या घरांतली तीच रीत आहे. पण ब्रॉन्झचा रंग हा मळ नसतो. ओतकाम झाल्यावर धातू तापवून त्यावर रसायनं देऊन तो आणतात: गंधकाच्या क्षाराने काळपट, फेरिक नायट्रेटने तपकिरी, क्युप्रिक नायट्रेटने हिरवा-निळा. वर मेणाचा थर. चिंचेच्या आम्लाने आधी मेण आणि मग रंग जातो.

हिरवटपणाही मिठाचाच. दाराच्या बिजागरीत आणि निऱ्यांच्या खाचांत अडकलेल्या मिठातले क्लोराइड ब्रॉन्झमधल्या तांब्याशी जुळतात आणि पावसाळ्यातल्या दमट हवेत फिकट हिरवी पूड धरते. मुद्दाम दिलेला हिरवा आणि हा हिरवा ओळखायला लाकडी दातकोरणं पुरतं. दिलेला रंग चिकटून असतो, टोकाला लागत नाही. पूड असेल तर लगेच सुटते आणि तिच्याखाली बारीक खड्डा दिसतो. हा रोग आहे. वाढत जातो आणि मेण लावून झाकला तर आत चालूच राहतो. कोरड्या मऊ ब्रशने पूड काढणं आणि शिल्प कोरड्या जागी, शक्यतो ४० टक्क्यांखालच्या आर्द्रतेत ठेवणं एवढं घरी करता येतं. तांब्याचा गंज रोखणाऱ्या बेन्झोट्रायझोलचा उपचार जाणकाराच्याच हातून व्हावा, कारण ते रसायन अंगावर आणि श्वासात जाऊ नये. फलक लिहिणाऱ्यांसाठी यातला धडा साधा आहे: रंगाचा अर्थ लावण्याआधी तो रंग कोणाचा, हे ठरवायचं. शिल्पकाराचा, काळाचा की फडक्याचा.

तिसरी चूक तर शिल्पालाच इजा करणार होती. कावळ्याची नखं धुराड्याच्या काठाला टेकलेली नाहीत. काठ आणि नखं यांच्यामध्ये चार मिलीमीटरांची फट आहे. कावळा उभा आहे तो शेपटीखालच्या बारीक कांबीवर. शिक्षकांना तो ओतकामातला दोष वाटला आणि फट इपॉक्सीने बुजवायची सूचना झाली. शंका अगदीच चुकीची नव्हती. अकराशे-बाराशे अंश सेल्सियसचा रस अरुंद जागी पोहोचण्याआधी थिजला की अवयव अपुरे राहतात. पण थिजलेल्या रसाची कड गोल आणि गुळगुळीत असते. इथे प्रत्येक नख टोकदार आहे, ओतल्यानंतर छिन्नीने कोरून काढलेलं. कांबही घासून निमुळती केलेली आणि काठाच्याच रंगात रंगवलेली. शेवटी दुसऱ्या एका घरातल्या ५/६ या प्रतीचा फोटो मिळवला. तीच फट तिथेही. एखादा दोष एका प्रतीत दिसला तर तो अपघात असू शकतो. सगळ्या प्रतींत तोच असेल तर तो मुळात ओतकामाआधीच्या मेणाच्या नमुन्यातच होता, म्हणजे निर्णय होता. आवृत्तीचा आकडा कोरलेला असेल तर ही तपासणी सर्वांत आधी करावी. पुष्कळ वाद तिथेच मिटतात.

यानंतर वाचन नव्याने सुरू झालं. शिल्प फिरत्या पाटावर ठेवून दर ३० अंशांवर एक असे बारा फोटो घेतले. शिवाय वरून एक, खालून एक. प्रत्येक फोटोवर फक्त सांधे खुणावायचे, अर्थाचा एकही शब्द लिहायचा नाही, असं ठरलं. हा नियम कडक वाटतो, पण तो नसता तर पाठ कोणी पाहिलीच नसती.

पाठीवर एक उभी रेघ आहे. खऱ्या बंबात पत्रा गोल वळवून दोन्ही कडा दातेरी कापतात, एकमेकींत बसवतात आणि झाळतात. तो दातेरी सांधा शिल्पात हुबेहूब आहे. कमरेपासून तो निघतो आणि वर जाता जाता त्याचे दाते उंच, गोलसर होत जातात; खांद्यांच्या पातळीला आल्यावर ते दाते राहत नाहीत, पाठीच्या कण्याचे मणके झालेले असतात. साच्याच्या दोन भागांमध्ये येणारी रेघ तर ही नव्हे, असा प्रश्न इथे विचारायलाच हवा. ती रेघ सहसा दोन्ही कुशींना येते, सपाट असते आणि चांगला कारागीर ती घासून टाकतो. ही मधोमध आहे आणि मेणात मुद्दाम वाढवलेली आहे.

दुसरा सांधा मांडीशी. बंबाच्या पोटावर हातोड्याचे ठोके आहेत. तांबट पत्र्यावर ठोक्याला ठोका लावून जातो, त्याला मठारणं म्हणतात; त्याने पत्रा कणखर होतो आणि चमक धरतो. जुन्या नाशकात भांडी बाजार आणि तांबट लेनच्या परिसरात वाढलेल्यांना तो आवाज वेगळा सांगायला नको. शिल्पातल्या ठोक्यांची रुंदी पोटावर आठ-नऊ मिलीमीटर आहे. गंमत ही की ते बंबाच्या कडेला थांबत नाहीत. कमरेवरून मांडीवर उतरतात, गुडघ्याकडे जाताना चार मिलीमीटरांपर्यंत बारीक होतात आणि निऱ्यांमध्ये विरतात. हातांवर मात्र एकही ठोका नाही. दंड, मनगट, बोटं मऊ आहेत, नखांच्या चंद्रकोरीसकट. म्हणजे बाईच्या अंगात बंब बसवलेला नाही. बंब तिच्या अंगभर पसरत चालला आहे आणि हात तेवढे अजून तिचे आहेत. दिशा महत्त्वाची असते ती अशी. बेल्जियन चित्रकार रने मॅग्रितच्या बैठ्या माणसाच्या धडाच्या जागी पिंजरा आहे. १९३७ च्या चित्रातून १९६७ मध्ये तो ब्रॉन्झमध्ये आला. तिथे पिंजऱ्याच्या सळ्या आणि अंगावरचं वस्त्र यांच्यात सरळ सीमा आहे. वस्त्र बाजूला केलं आणि आत पिंजरा दिसला, असा तो प्रकार. इथे सीमाच पुसली आहे.

ती पुसणं ब्रॉन्झमुळे शक्य झालं, हेही फलकात यायला हवं होतं. तांब्याचा खरा बंब आणि प्लास्टरची बाई जोडली असती तर डोळ्याने लगेच दोन पदार्थ वेगळे केले असते. मेण-ओतकामात आधी सगळं मेणात एक होतं, मग मेण वितळून जातं आणि त्याच्या जागी एकच धातू येतो. कातडी, पत्रा, पदर, पीस, सगळ्यांची एकच त्वचा. जाडी तपासण्यासाठी पृष्ठभागावर कागदाचे तुकडे चिकटवून क्षेत्रफळ काढलं: धुराड्याची आतली भिंत धरून साधारण ४,२०० चौ. सेंमी. वजन भागिले ब्रॉन्झची घनता, घन सेंटीमीटरला ८.७ ग्रॅम, म्हणजे सुमारे २,११५ घन सेंमी धातू. जाडी पाच मिलीमीटर. पोकळ ओतकामाची ही नेहमीची जाडी, म्हणजे आत काही भरलेलं नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबाद या प्राचीन वसाहतीच्या जागी १९७४ मध्ये सापडलेले रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा भरीव आहेत आणि चौघांचं मिळून वजन ६० किलोंच्या वर जातं. त्या भरीवपणाला वेगळा अर्थ आहे. बंबाला पोकळच असावं लागतं.

पोकळी तपासताना सगळ्यात मोलाची गोष्ट हाती आली. धुराड्यातून सोडलेली तार ३८ सेंमी खाली, थेट जाळीपर्यंत गेली. राखेच्या दारात टॉर्च धरली की धुराड्याचं तोंड उजळतं. आगीची वाट खरोखर आरपार आहे. तोटीची चावी मात्र उघडलेली असूनही तिच्या तोंडाला भोकच नाही. आत सुई दोन मिलीमीटरही जात नाही. पाण्याची वाट बंद. आग येते आणि जाते, तापलेलं मात्र बाहेर पडत नाही, आणि तोटीवर ठेवलेला तो मऊ हात उघडून वाट पाहतो आहे. पहिल्या फलकातला ‘गौरव’ हा शब्द इथे टिकत नाही.

मग कावळा आणि नाव एकत्र वाचता आले, तेही प्राध्यापिकांमुळे. पहिल्या फलकाने ‘शिवण’ म्हणजे शिवणकाम, म्हणून कुटुंब शिवणारी बाई, असा अर्थ लावला होता. शिल्पात सुई नाही, दोरा नाही, कापडाला टाका नाही. पण मराठीत शिवणं म्हणजे टाके घालणं आणि शिवणं म्हणजे स्पर्श करणंही. रामकुंडावर दहाव्याला पिंड ठेवून लोक वाट पाहतात ती कावळा शिवण्याची. शिवला नाही तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असं समजायचं आणि एकेक इच्छा मोठ्याने बोलत त्याला वचन द्यायचं. तोच कावळा जुन्या घरांत बाईलाही शिवायचा: पाळी आली की ‘कावळा शिवला’ म्हणत, तिने बाजूला बसायचं आणि चौथ्या दिवशी न्हायचं. न्हायचं ते बंबातल्या पाण्याने. मृत्यू आणि विटाळ यांना आपल्या भाषेने एकच पक्षी आणि एकच क्रियापद दिलं आहे, आणि शिल्पातला कावळा चार मिलीमीटरांवर थांबला आहे. शिवलेला नाही.

हा शब्दांचा खेळ ओढूनताणून आणलेला नाही ना, अशी शंका शिक्षकांनी घेतली, आणि ती घेतली हे बरं झालं. उत्तर अतिवास्तववादाच्या मुळाशी आहे. ब्रेताँ वैद्यकाचा विद्यार्थी होता, पहिल्या महायुद्धात मनोरुग्ण सैनिकांमध्ये त्याने काम केलं होतं आणि फ्रॉइडचा त्याच्यावर खोल परिणाम झाला होता. फ्रॉइडच्या मते स्वप्न अनेक विचार एका प्रतिमेत दाटून बसवतं आणि त्यासाठी स्वप्न पाहणाऱ्याच्या भाषेतले श्लेष वापरतं. म्हणून अशा शिल्पाचा अर्थ शिल्पकाराच्या भाषेत शोधणं हीच योग्य पद्धत. अट एवढीच की शब्दाला शिल्पात पुरावा हवा. ‘शिवण’ला दोन पुरावे आहेत, पाठीवरचा दातेरी सांधा आणि नखांखालची फट: एक शिवलेली जागा आणि एक न शिवलेली.

उताण्या रिकाम्या तळव्यावर गटाचं एकमत झालं नाही. स्विस शिल्पकार जियाकोमेत्तीने १९३४ मध्ये दोन हातांत काहीच न धरलेली बाई घडवली, तिची आठवण सगळ्यांनाच आली. पण नुसतं साम्य हा पुरावा नव्हे, म्हणून फलकातून तळवा वगळला. तो निर्णय बरोबर होता. शंभर शब्दांत चार गोष्टी नीट दाखवता येतात, पाच नाहीत.

दुसरा फलक असा: “शिल्पामागे जा. बंबाचा दातेरी सांधा वर जाता जाता कणा झाला आहे. हातोड्याचे ठोके भांड्यावर थांबत नाहीत, मांडीवर उतरतात; हात मात्र मऊच आहेत. राखेच्या दारातून धुराड्यापर्यंतची वाट मोकळी आहे, तोटी उघडली आहे पण तिला तोंड नाही. कावळ्याच्या नखांखाली पाहा. मराठीत कावळा पिंडाला शिवतो, आणि पाळी आलेल्या बाईलाही कावळा शिवला म्हणत. इथे तो अजून शिवलेला नाही.”

यात ‘प्रतीक’ हा शब्द नाही. बघणाऱ्याला कुठे बघायचं ते सांगितलं आहे. इंग्रजी फलकात नावाचं भाषांतर केलं नाही, कारण टाका आणि स्पर्श या दोन्हींना एकच इंग्रजी शब्द नाही. मात्र रोमन लिपीत ते नाव शंकराशी जोडलं जाण्याचा धोका होता, म्हणून पहिल्याच ओळीत दोन्ही अर्थ लिहिले.

मांडणीही फलकाला साजेशी करावी लागली. भिंतीपासून एक मीटर मोकळी जागा, नाहीतर ‘शिल्पामागे जा’ हे वाक्य खोटं ठरेल. आत दिवा ठेवायचा मोह टाळला, कारण तो शिल्पकाराचा निर्णय नव्हता. धुराड्याचा काठ पाटापासून ४७ सेंमीवर आहे. उभ्या माणसाचे डोळे सरासरी दीड मीटरवर धरून चौथरा १०० सेंमीचा केला आणि मुलांसाठी २० सेंमीची पायरी ठेवली. मागची भिंत फिकट रंगाची घेतली. गडद भिंतीसमोर, किंवा वरून खाली पाहिलं, तर नखांखालच्या त्या चार मिलीमीटरांतून पलीकडचा उजेड दिसत नाही.